लष्करातला रूपसिंग

१८८६ साली इंग्रज सरकार आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांच्यात एक अदलाबदल झाली. सत्तावनच्या धामधुमीनंतर ग्वाल्हेरचा किल्ला आणि शेजारची मोरारची छावणी इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून घेतली होती, आणि झाशी शहर शिंद्यांच्या पदरात टाकलं होतं. राजवाड्याच्या गच्चीतून दिसणाऱ्या आपल्याच किल्ल्यावर परक्यांची शिबंदी बसलेली, हे जयाजीरावांना पाव शतकाहून अधिक काळ सलत राहिलं. अखेर किल्ला आणि मोरार शिंद्यांना परत मिळाले आणि झाशी इंग्रजांच्या ताब्यात गेली. जयाजीराव त्याच वर्षी वारले. झाशीचं मात्र नशीब पालटलं. रेल्वेचं जंक्शन झालं, कारखाना उभा राहिला, छावणी वाढली. आणि छावणी आली की तिच्यामागून दोन गोष्टी हटकून येतात: संध्याकाळची परेड संपल्यावर उरलेला वेळ, आणि त्या वेळात काठीने चेंडू हाणायला लागणारं सपाट मैदान.

हॉकीच्या पुस्तकांत या अदलाबदलीची नोंद सापडणार नाही. पण मला रूपसिंगची गोष्ट तिथूनच सुरू करावीशी वाटते. कारण त्याचं सगळं आयुष्य या दोन गावांमध्ये गेलं, जेमतेम शंभर किलोमीटरांच्या अंतरात. मधल्या काळात तो सगळी पृथ्वी फिरून आला, ही गोष्ट वेगळी.

वडील इंग्रजांच्या हिंदी फौजेत होते आणि स्वतः हॉकी खेळायचे. फौजेतल्या माणसाची बदली कुठे होईल याचा नेम नसतो. थोरला ध्यानचंद १९०५ साली अलाहाबादला जन्मला, तर रूपसिंग ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूरला. पुढे झाशीला सरकारकडून जमिनीचा एक लहानसा तुकडा मिळाला आणि फिरतं कुटुंब तिथे स्थिरावलं. ध्यानचंद सोळाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झाला, १९२६ साली फौजेच्या संघाबरोबर न्यूझीलंडला जाऊन आला आणि परतल्यावर लान्स नायक झाला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये त्याने चौदा गोल केले. धाकट्याने हे सगळं झाशीत बसून ऐकलं, वाचलं, आणि गावातल्या ‘झाशी हीरोज’ या क्लबाकडून खेळत स्वतःचा हात तयार केला.

हात तयार केला म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. हॉकीच्या काठीला एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारायचा असतो. उजव्या हाताच्या क्रिकेटपटूसारखा डावा खांदा पुढे करून उभं राहिलं की फटका डावीकडे सहज जातो. रूपसिंगची जागा होती इनसाइड लेफ्ट, म्हणजे आघाडीच्या फळीत सेंटर फॉरवर्डला डावीकडून चिकटून धावणारा आक्रमक. त्या बाजूने वर्तुळात शिरलं की गोल उजव्या हाताला येतो. चेंडू पायांच्या मागे राहू द्यायचा, कमरेपासून वरचं अंग पिळून घ्यायचं आणि धाव न मोडता उजवीकडे फटका काढायचा. पुष्कळ जण इथे थांबतात, पाय जुळवून घेतात, आणि तेवढ्यात बॅक येऊन भिडतो. रूपसिंग थांबत नसे. त्याचा फटका जबर होता आणि अगदी अरुंद कोनातून निघायचा. ध्यानचंदची किमया चेंडू काठीला चिकटवून ठेवण्यात होती. धाकट्याची किमया तो काठीपासून सुटतो त्या क्षणात होती. दोघे शेजारी शेजारी खेळले की समोरच्या बचावाला दोन वेगळ्या जातींच्या संकटांना एकाच वेळी तोंड द्यावं लागे.

हत्यारही हिंदुस्थानी होतं. इंग्रजांच्या काठीचं टोक लांबट असायचं. आपल्याकडे, विशेषतः सियालकोटच्या कारागिरांनी, तुतीच्या लाकडाची आखूड, घट्ट वळणाची काठी घडवली. तिने मनगट चटकन फिरतं आणि चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पटापट घेता येतो. युरोपातल्या वार्ताहरांना यात जादू दिसली. जादूतला निदान एक हिस्सा सुताराचा होता.

आता पोटापाण्याचा प्रश्न. हॉकीपटू हा पेशा तेव्हा नव्हताच. खेळाचे पैसे घेणारा माणूस ऑलिम्पिकला चालत नसे. हौशीपणाची ती अट साहेबी घरच्यांना सोयीची होती, कारण त्यांची चूल दुसऱ्याच उत्पन्नावर पेटत असे. आपल्याकडच्या खेळाडूंनी त्यावर एक तोड काढली. माणूस कारकून, शिपाई, तिकीट तपासनीस किंवा जमादार म्हणून नोकरीला लागायचा आणि प्रत्यक्षात त्या खात्यासाठी हॉकी खेळायचा. रेल्वे, कस्टम्स, बंदर, फौज या सगळ्यांचे संघ असेच उभे राहिले. संस्थानिकांना तर हा खेळ फारच मानवला. काठेवाडातल्या मानवदरचे नवाब स्वतः उत्तम खेळायचे. भोपाळ तर हॉकीवेडं शहरच होतं. आणि झाशीहून गाडीत बसलं की दोन-तीन तासांवर ग्वाल्हेर होतं, जिथे शिंद्यांची स्वतःची फौज होती.

ती फौज नावापुरती नव्हती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे शिपाई पूर्व आफ्रिकेत लढून आले होते. १९२५ साली माधवराव महाराज पॅरिसला वारले तेव्हा गादीवरचे जिवाजीराव अजून नऊ वर्षांचेही नव्हते, त्यामुळे १९३६ पर्यंत कारभार रीजन्सी कौन्सिलने पाहिला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ज्या मोकळ्या माळावर तळ ठोकला, त्याचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज ही तिथल्या वस्त्यांची नावं ऐकली तरी शिंद्यांची वंशावळ पाठ होते. शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव यांचे वाडे, गणपतीतल्या मैफली, घरात मराठी आणि बाजारात हिंदी, असा तो सगळा थाट. त्या गावात एक झाशीचा ठाकूर पोरगा फौजी गणवेशात दाखल झाला आणि चढत चढत कॅप्टन झाला. हुद्दा लष्करी होता, पण त्याला ओळख मिळाली ती काठीमुळे. आणि ती काठी चालवण्याची चैन त्याला परवडली ती शिंद्यांच्या पगारामुळे.

आजच्या व्यवहाराशी हे ताडून पाहावंसं वाटतं. आइसलँडचा आयडुर गुडयॉन्सेन हा आपल्या काळातला भटका फुटबॉलपटू. हॉलंडात पीएसव्ही, इंग्लंडात बोल्टन आणि चेल्सी, मग बार्सिलोना, मोनाको, ग्रीस, बेल्जियम, चीन, नॉर्वे अशी मजल दरमजल करत तो २०१६ साली चक्क पुण्यात पोचला. एफसी पुणे सिटीने त्याला करारबद्ध केलं, पण मोसम सुरू होण्याआधीच दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता पुण्याचा अध्याय मिटला. या माणसाने वीसेक वर्षांत डझनाहून जास्त मालक बदलले आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पाय हेच त्याचं दुकान होतं. रूपसिंगलाही बाजारात उभं राहता आलं असतं तर त्याची किंमत काय झाली असती, हा हिशेब मी पुष्कळदा मनात मांडतो. तो जमत नाही. त्याच्या काळात बाजारच नव्हता, फक्त आश्रय होता. आणि आश्रय बदलत नसतात.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी संघ निवडला गेला तेव्हा जग मंदीत बुडालेलं होतं आणि हॉकी फेडरेशनच्या तिजोरीत खडखडाट होता. रूपसिंगच्या ट्रंकेतही काही वेगळी स्थिती नसावी. परदेशी नेण्यासारखे कपडे नाहीत म्हणून तो यायलाच तयार नव्हता, शेवटी ध्यानचंदने पदरच्या पैशाने त्याला सूट शिवून दिला, अशी हकीकत सांगितली जाते. मला ती खरी वाटते. जगातला सर्वोत्तम इनसाइड लेफ्ट कोटाच्या बाहीपायी घरी राहणार होता, ही गोष्ट बनवून सांगायची म्हटली तरी सुचणार नाही.

संघ सिलोनमध्ये दोन सामने खेळला आणि तिथल्या संघावर वीस आणि दहा गोल चढवून ३० मे रोजी कोलंबोहून निघाला. वाट पूर्वेची, जपानवरून पॅसिफिक ओलांडून. महिन्याहून जास्त काळ बोटीवर. डेकवर धावायचं, दोरीच्या उड्या मारायच्या, आणि जिथे बंदर लागेल तिथे मैदान शोधायचं. कप्तान लाल शाह बुखारी, गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन आणि आर्थर हिंद, बॅक टॅप्सेल आणि हॅमंड, सेंटर हाफ पिनिगर, पुढे कार, गुरमीतसिंग, ध्यानचंद, रूपसिंग, जाफर. मुसलमान, शीख, राजपूत आणि अँग्लो-इंडियन अशी ही मंडळी एका बोटीवर महिनाभर एकत्र जेवत होती. त्याच वर्षी देशात स्वतंत्र मतदारसंघांवरून काय चाललं होतं ते आठवलं की गंमत वाटते.

लॉस एंजेलिसला हॉकीसाठी आले मुळी तीनच संघ. युरोपातल्या कोणाला तो खर्च झेपला नाही. ४ ऑगस्टला हिंदुस्थानने जपानला ११-१ ने हरवलं. जपानने अमेरिकेला ९-२ ने हरवलं. उरला अमेरिकेशी सामना, ११ ऑगस्टचा.

त्या सामन्याचा २४-१ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो घडला कसा, हे मात्र क्वचित कोणी सांगतं. सामना सत्तर मिनिटांचा. म्हणजे सरासरी तीन मिनिटांना एक गोल. त्या काळी प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून बुली व्हायची: दोन प्रतिस्पर्धी चेंडूच्या दोन बाजूंना उभे राहणार, काठी जमिनीला आणि मग एकमेकींना लागणार, असं तीनदा, आणि मग जो आधी पोचेल त्याचा चेंडू. गोल झाला की दोन्ही संघांनी चालत आपापल्या जागी यायचं, शिट्टीची वाट पाहायची. त्यात वेळ जायचा. तो वजा केला तर खेळ म्हणून उरणाऱ्या वेळात मिनिटा-दोन मिनिटांनी गोल होत होता असं म्हणावं लागेल. शिवाय तेव्हाचा ऑफसाइडचा नियम कडक होता. पुढे धावणाऱ्याच्या आणि गोलच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान तीन जण असायला हवेत. गोलाच्या तोंडाशी ठाण मांडून बसायची सोय नव्हती. दर वेळी तीन माणसं पार करूनच जायचं. तसं ते गेले. रूपसिंगने दहा गोल केले, ध्यानचंदने आठ, गुरमीतसिंगने पाच, आणि मागून पिनिगरनेही एक मारून घेतला.

अमेरिकेचा एकमेव गोल झाला तेव्हा आपला गोलरक्षक गोल सोडून बाजूला प्रेक्षकांना सह्या देत उभा होता, असा किस्सा फार लोकप्रिय आहे. किस्सा म्हणून झकास आहे. पण समोरचा संघ किती कच्चा होता हेही त्याच दमात सांगायला हवं. अमेरिकेला दोन्ही सामने हरूनही ब्राँझ मिळालं, कारण चौथा संघच नव्हता. म्हणून दहा गोलांचा पराक्रम उणा ठरत नाही. ऑलिम्पिकच्या हॉकीत एका सामन्यात दहाच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही, आणि दुबळे संघ त्यानंतरही पुष्कळ आले. दोन सामने मिळून रूपसिंगचे तेरा, ध्यानचंदचे बारा. संघाच्या पस्तीसपैकी पंचवीस गोल एका घरातले. वर्तमानपत्रांनी दोघांना ‘हॉकीचे जुळे’ करून टाकलं. तीन वर्षांनी धाकटा असूनही.

सुवर्णपदक मिळालं, परतीचं भाडं मात्र व्हायचंच होतं. संघ अमेरिका ओलांडून इंग्लंडला आला आणि २ सप्टेंबरपासून युरोपात पंधरवड्यात नऊ सामने खेळला. हॉलंड, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी. दिवसा सामना, रात्री आगगाडी. मग सिलोन, आणि मायदेशी पोचल्यावर खर्च भरून काढण्यासाठी गावोगाव आणखी सामने. एकूण ३७ सामने, ३४ विजय, दोन बरोबरीत, एक अर्धवट राहिलेला. पराभव नाही. गोल ३३८, पैकी १३३ ध्यानचंदचे. पूर्वेला गेलेला संघ पश्चिमेकडून परत आला, म्हणजे शब्दशः पृथ्वीप्रदक्षिणा झाली. तमाशाचा फड जसा यात्रेमागून यात्रा करत पोट भरतो, तसा हा जगज्जेता संघ तिकीटविक्रीवर घरी आला.

१९३३ साली झाशी हीरोजने कलकत्त्याला जाऊन बायटन कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर होते कलकत्ता कस्टम्स, म्हणजे त्या काळातले बडे प्रस्थ. सामना एका गोलाने जिंकला, तो गोल इस्माईल नावाच्या खेळाडूने मारला, आणि ध्यानचंद आयुष्यभर सांगत राहिला की आपला सर्वांत आवडता सामना हाच. ऑलिम्पिकचा अंतिम सामना नव्हे. हे मला फार भावतं. ज्या क्लबाने वाढवलं त्याच्यासाठी, ज्या मैदानावर कोणी भीत नाही तिथे, एकच गोल.

१९३५ साली भावांना परत बोट मिळाली, या वेळी न्यूझीलंडची. मानवदरच्या नवाबांनी यायला नकार दिला म्हणून कप्तानपद ध्यानचंदकडे आलं. सिलोन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मायदेश मिळून ४८ सामने झाले, सगळे जिंकले. ५८४ गोल केले, ४० स्वीकारले. अ‍ॅडलेडला डॉन ब्रॅडमन यांच्याशी भेट झाली तेव्हा त्यांनाही हे आकडे धावांसारखे वाटले म्हणतात. दौऱ्यांच्या या आकडेवारीत ध्यानचंदचे गोल वेगळे मोजलेले सापडतात. ४३ सामन्यांत २०१. रूपसिंगचे हिशेब त्या मानाने कोणी नीट जपले नाहीत. सेंटर फॉरवर्ड शेजारी असला आणि तो सख्खा मोठा भाऊ असला की इनसाइड लेफ्टच्या वाट्याला काय येतं, ते यावरून कळतं. पण खुद्द ध्यानचंदचं मत वेगळं होतं. रूप आपल्यापेक्षा सरस खेळाडू आहे, असं तो मोकळेपणाने सांगायचा. धाकट्या भावाबद्दल सगळेच असं बोलत नाहीत. जो बोलतो त्याचं ऐकावं.

१९३६. बर्लिन. संघात आता संस्थानांची माणसं ठळक दिसतात. मानवदरचे शहाबुद्दीन आणि महंमद हुसेन, भोपाळचे अहमद शेर खान आणि अहसान खान, ग्वाल्हेरचा रूपसिंग. मुंबईकडून खेळणारा बाबू निमल होता, कराचीचा गोवेकर पीटर फर्नांडिस होता. निघण्यापूर्वी १६ जूनला दिल्लीत मोरी गेटच्या मैदानावर स्थानिक संघाने त्यांना ४-१ ने हरवलं. २७ जूनला बोट सुटली, १० जुलैला मार्सेय, मग तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून अंग आंबवत १३ जुलैला बर्लिन. चारच दिवसांनी सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून परत ४-१ ने हार. घाबरगुंडी उडाली. संघाच्या व्यवस्थापनातल्या पंकज गुप्तांनी मागे राहिलेल्या दारा या खेळाडूला ताबडतोब पाठवा म्हणून मायदेशी कळवलं. दारा उपांत्य सामन्याआधी येऊन पोचला.

तोवर हंगेरीला चार, अमेरिकेला सात, जपानला नऊ गोल देऊन झाले होते. उपांत्य सामन्यात फ्रान्सवर दहा. अंतिम सामना १४ ऑगस्टचा, पण मुसळधार पाऊस झाला आणि तो १५ वर गेला. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. १७ जुलै सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. तेव्हा पंकज गुप्तांनी पेटीतून काँग्रेसचा तिरंगा काढला. मैदानावर संघाला सलाम ठोकायचा होता तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या निशाणाला. खोलीत त्यांनी सलाम केला तिरंग्याला, आणि बाहेर पडले. त्यांच्यातले किती जण इंग्रजांच्या किंवा राजेरजवाड्यांच्या पगारावर होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या दोन मिनिटांचं वजन कळतं.

पहिला अर्धा डाव जर्मनांनी चिवटपणे धरून ठेवला. ओल्या मैदानावर चेंडू धावत नव्हता आणि समोरचे बॅक अंगावर येत होते. मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला, आणि तो रूपसिंगचा. पुढचं सगळं ध्यानचंदचं आहे. त्याने बूट-मोजे काढून टाकले, अनवाणी धावायला लागला आणि निकाल ८-१ झाला. आपल्याविरुद्ध त्या स्पर्धेत झालेला हा एकुलता एक गोल, आणि आपले मिळून ३८. गोष्ट सांगताना सगळे अनवाणी पायांपाशी थांबतात. ते साहजिकच आहे. पण कुलूप उघडलं होतं ते आधीच, बूट घातलेल्या माणसाने. हिटलरने ध्यानचंदला जर्मन फौजेत मोठा हुद्दा देऊ केला ही दंतकथाही याच सामन्याची शेपटी. तिला पुरावा नाही. तरीही ती टिकली आहे, कारण खेळाडूला द्यायचं म्हणजे फौजेतला हुद्दाच द्यायचा, हे आपल्या मनाला तेव्हा पूर्ण पटलेलं होतं. रूपसिंगला तो मिळालेला होताच, शिंद्यांकडून.

रूपसिंग तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढची दोन ऑलिम्पिक महायुद्धाने गिळली. १९४८ ला स्वतंत्र भारताचा संघ लंडनला गेला तेव्हा तो चाळिशीत पोचला होता. त्याच वर्षी मे महिन्यात ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची संस्थानं मिळून मध्यभारत राज्य झालं, जिवाजीराव राजप्रमुख झाले, आणि काही काळाने संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या. ज्या फौजेचा तो कॅप्टन होता ती फौजच उरली नाही. आश्रयाचं हे असं असतं. देणारा गेला की घेणाऱ्याचं पद नुसतं नावापुढे राहतं. रूपसिंगच्या नावापुढे ते कायमचं राहिलं. मोठ्या भावाला लोक मेजर म्हणत, याला कॅप्टन.

तो ग्वाल्हेर सोडून गेला नाही. ध्यानचंदला १९५६ साली पद्मभूषण मिळालं. १९७५ साली क्वालालंपूरला ध्यानचंदचा मुलगा अशोककुमार याने पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल मारून भारताला विश्वचषक मिळवून दिला. घराण्याची काठी अजून चालत होती. १६ डिसेंबर १९७७ रोजी रूपसिंग ग्वाल्हेरातच वारला.

गावाने त्याचं नाव मैदानाला दिलं. मैदान मुळात हॉकीचं. पुढे तिथे क्रिकेट आलं, २२ जानेवारी १९८८ ला भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना झाला, प्रकाशझोताचे खांब उभे राहिले. १९९७ च्या एप्रिलमध्ये रणजीचा अंतिम सामना इथे दिव्यांखाली खेळला गेला आणि मुंबईने दिल्लीवर मात केली. आपल्याकडच्या कित्येकांनी रूपसिंग हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच्या समालोचनात, स्टेडियमचा पत्ता म्हणून. आणि मग २४ फेब्रुवारी २०१०. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने १४७ चेंडूंत नाबाद २००, शेवटच्या षटकात एक धाव काढून. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. भारताच्या ४०१ धावा, विजय १५३ धावांनी. त्या रात्री जगभरच्या पडद्यांवर रूपसिंगचं नाव जितक्या वेळा झळकलं, तितकं ते त्याच्या हयातीत छापून आलं नसेल. एका सामन्यात दहा गोल करणाऱ्याचं नाव अखेर घराघरांत पोचलं, ते दुसऱ्याच्या विक्रमाला कंस म्हणून. आयुष्यभर भावाच्या शेजारी, मेल्यावर सचिनच्या.

त्यानंतर त्या मैदानाकडे आंतरराष्ट्रीय क्रिकेट फिरकलं नाही. शहराबाहेर शंकरपूरला नवं स्टेडियम बांधलं गेलं, त्याला जिवाजीरावांचे पुत्र माधवराव शिंदे यांचं नाव दिलं, आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला बांगलादेशाविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना तिथे झाला. हॉकीचं म्हणाल, तर २००६ साली मध्य प्रदेश सरकारने महिला हॉकी अकादमी ग्वाल्हेरातच काढली. निळ्या कृत्रिम गवतावर तिथे मुली सकाळ-संध्याकाळ घाम गाळतात. याच गावचा शिवेंद्रसिंग २०१० च्या सुमारास भारताच्या आघाडीच्या फळीत खेळत होता. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकांत ब्राँझ जिंकणाऱ्या पुरुष संघाचा तो सहायक प्रशिक्षक होता, आणि हॉकी शिकवणं हाच आता त्याचा पेशा आहे.